मलंगगड

सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले. तेथील कॅम्प १ च्या दक्षिणेस मलंगगड उभा आहे. गडाचे तीन टप्पे आहेत. पहिल्या पीरमाचीपर्यंत पायऱ्या आहेत. हिंदू व मुसलमान भाविक आणि सहलीला निघालेली मुले तेथवर चढून जातात. तिच्यावर सोनेमाची व सर्वांत वर बालेकिल्ला. ही वरची वाट मात्र उभ्या कातळातून जाते. १७८० साली कॅप्टन ॲबिंग्टनच्या इंग्रजी फौजेने पीरमाची घेतली. परंतु बालेकिल्ला तिला जिंकता आला नाही. आजही दोर व जाणता सोबती यांवाचून वर जाणे धोक्याचे आहे. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो. अशा वेळी माचीवरूनच परत फिरणे हा भित्रेपणा नव्हे, शहाणपणा होय. गड उद्याही तेथेच असतो.