टॅप कार्ड : भीती किती, दक्षता कोणती?

हल्ली बँकेकडून मिळणाऱ्या एटीएम कार्डावर लहरींसारख्या वक्र रेषांची खूण असते. हे कार्ड यंत्रात न घालता नुसते जवळ नेले तरी पैसे अदा होतात. ५,००० रुपयांपर्यंत पिनही लागत नाही. त्यामुळे आर्णीच्या एस.टी. स्टँडवर किंवा आठवडी बाजाराच्या गर्दीत कोणी खिशाजवळ यंत्र आणले, तर शिष्यवृत्तीचे वा पेन्शनचे पैसे जातील काय, अशी शंका खातेदार विचारतात. शंका रास्त आहे. तिचा क्रमाने विचार करू.

१) कार्ड चालते कसे?
कार्डात चिप व बारीक अँटेना असते, बॅटरी नसते. यंत्राच्या रेडिओ लहरींतूनच चिपला वीज मिळते. म्हणून कार्ड यंत्रापासून साधारण चार सेंटीमीटरच्या आत आणावे लागते. प्रत्येक व्यवहारासाठी चिप नवा सांकेतिक आकडा तयार करते. तो पुन्हा चालत नाही. काळ्या पट्टीवरील माहिती मात्र कायम तीच राहते, म्हणून तिची नक्कल होते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेची सुमारे ९४ कोटी रुपयांची लूट झाली. तीत बँकेच्या यंत्रणेत घुसखोरी झाली होती व नकली कार्डांनी अनेक देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. कोणाच्या खिशाला यंत्र लावून ती झाली नव्हती.

२) धोका कोठे आहे?
लपविलेल्या यंत्राने कार्डाचा क्रमांक व मुदतीची तारीख वाचता येते. मागील बाजूचा तीन अंकी क्रमांक, पिन व ओटीपी त्यातून मिळत नाहीत. काही परदेशी संकेतस्थळांवर मात्र ओटीपी लागत नाही, हे ध्यानात ठेवावे. स्वाइप मशीन खिशाला लावून रक्कम ओढणे अशक्य नाही. पण ते मशीन व्यापाऱ्याच्या बँक खात्याशी जोडलेले असल्याने माग लागतो. खरा मोठा धोका कार्ड हरवण्यात आहे. ते बंद करेपर्यंत सापडणारा मनुष्य पिनशिवाय खरेदी करू शकतो.

३) नियम काय सांगतात?
रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये पिनशिवाय २,००० रुपयांची मर्यादा ठरविली. १ जानेवारी २०२१ पासून ती ५,००० झाली. १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डावर ही सोय बंदच ठेवून द्यावी व खातेदाराने मागितल्यावर सुरू करावी, असा नियम झाला. जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरविले की, बँक व खातेदार दोघांचाही दोष नसताना पैसे गेले आणि संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर खातेदारावर भार नाही.

४) आपण काय करावे?
अ) गरज नसेल तर टॅप व परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद ठेवावेत. ॲप जमत नसेल त्याने शाखेत यावे.
आ) टॅप वापरणाऱ्याने मर्यादा कमी करून घ्यावी.
इ) कार्ड धातूचा पत्रा असलेल्या पाकिटात ठेवावे, लहरी अडतात.
ई) मोबाइल क्रमांक बदलल्यास बँकेत नोंदवावा, म्हणजे प्रत्येक संदेश पोचेल.
उ) पैसे गेल्यास प्रथम कार्ड बंद करावे, बँकेस कळवावे व १९३० या क्रमांकावर तक्रार द्यावी.

विद्यार्थी मित्रांनो, खिशाला यंत्र लावणारा चोर विरळा. फोनवर गोड बोलून ओटीपी मागणारा रोजचा आहे. पहिल्यासाठी कार्डाची सोय बंद करता येते. दुसऱ्यासाठी आपले तोंड बंद ठेवावे लागते. घरातील वडीलधाऱ्यांना एवढे समजावून सांगितले, तरी पुष्कळ काम होईल.