हातांनी काढलेली माणसे खरी का वाटतात?



आज मी तुम्हांला जपान देशातल्या हलत्या चित्रांविषयी माहिती सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, टीव्हीवर डोरेमॉन लागतो तेच ना, त्यात काय सांगायचे? मलाही आधी तसेच वाटत होते. पण दोन गोष्टी घडल्या. त्या आधी सांगते.

पहिली गोष्ट. दिवाळी झाली आणि माझे आई-दादा ऊस तोडायला कारखान्याला गेले. मी, माझी धाकटी बहीण छकुली आणि आजी, आम्ही घरी राहिलो. छकुली चार वर्षांची आहे. आजीकडे बटणाचा मोबाईल आहे. त्यात आईचा आवाज येतो, पण आई दिसत नाही. छकुली रोज रात्री आईसाठी रडायची. म्हणून मी तिला आईचे चित्र काढून दिले. मोठे डोळे काढले, पापण्या काढल्या, कपाळावर कुंकू, नाकात चमकी, गळ्यात मंगळसूत्र. साडी लाल रंगवली. मला वाटले, मस्त जमले. छकुलीने चित्र बघितले आणि विचारले, "ही कोण बाई?" मला लई वाईट वाटले.

दुसरी गोष्ट. एका शनिवारी गुरुजींनी वर्गातल्या पडद्यावर एक जपानी सिनेमा दाखवला. त्याचे नाव 'माय नेबर टोटोरो', म्हणजे माझा शेजारी टोटोरो. तो १९८८ साली निघाला. तो करणाऱ्यांचे नाव हायाओ मियाझाकी. त्यांचा जन्म १९४१ सालचा. सिनेमात सात्सुकी आणि मेइ ह्या दोन बहिणी आहेत. मेइ चार वर्षांची आहे. त्यांची आई दवाखान्यात असते. म्हणून त्या बाबांबरोबर खेडेगावात राहायला येतात. टोटोरो हा मोठ्या झाडात राहणारा केसाळ प्राणी आहे. सगळी मुले टोटोरोला हसत होती. मी मात्र मेइकडे बघत होते. ती अगदी छकुलीसारखी वागत होती. ती ताईच्या शाळेत येऊन बसते तेव्हा तर सगळा वर्ग माझ्याकडे बघून हसला, कारण छकुलीपण येते.

मग मला प्रश्न पडला. मेइचे नाक म्हणजे एक बारकी खूण. चेहऱ्यावर रेघा थोड्याच. मी आईच्या पापण्यासुद्धा काढल्या तरी ती कोणीतरी बाई झाली. ह्यांनी एवढे कमी काढले तरी ती मेइ झाली. असे का?

मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "शोध आणि भित्तिपत्रकात लिही." त्यांनी माहिती वाचून दाखवली. सिनेमा आम्ही थांबवून थांबवून पुन्हा बघितला. त्यातून मला जे समजले ते आता लिहिते.

चित्र हलते कसे?

सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांपुढून जातात. ती इतकी भरभर जातात की आपल्याला वेगवेगळी दिसत नाहीत, हलल्यासारखी दिसतात. पण जपानी लोक पुष्कळदा २४ वेगळी चित्रे काढत नाहीत. १९६३ साली ओसामु तेझुका ह्यांनी 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका टीव्हीवर आणली. दर आठवड्याला एक भाग द्यायचा, वेळ थोडा आणि पैसाही थोडा. म्हणून ते एकेक चित्र तीन-तीन वेळा दाखवत. म्हणजे सेकंदाला आठच चित्रे. ही पद्धत तिकडे रुळली.

आठ म्हणजे कमी असे समजू नका. आम्ही फळ्यावर हिशेब केला. एका मिनिटाला ८ गुणिले ६०, म्हणजे ४८० चित्रे. टोटोरोचा सिनेमा ८६ मिनिटांचा आहे. म्हणजे आठच्या हिशेबाने ४१,२८० चित्रे. मला एक आई काढायला दोन दिवस लागले.

एवढी चित्रे एक माणूस काढत नाही. एक चित्रकार मुख्य चित्रे काढतो. समजा, मुलगी ओट्यावरून उठते. मग बसलेली, वाकलेली आणि उभी अशी मुख्य चित्रे तो काढणार. मधली चित्रे दुसरे चित्रकार भरतात. पूर्वी ती पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ तावांवर उतरवून रंगवत. आता रंग संगणकावर भरतात, पण रेघ अजूनही पुष्कळ ठिकाणी हातानेच काढतात.

म्हणजे चित्रे जास्त असली म्हणून माणूस खरा वाटतो, असे नाही. मग खरा कशामुळे वाटतो? मला चार कारणे सापडली.

पहिले कारण : अंगाला वजन असते

सिनेमात पाऊस पडत असतो. दोघी बहिणी बसच्या थांब्यावर बाबांची वाट बघतात. मेइला झोप येते. सात्सुकी तिला पाठुंगळी घेते आणि छत्रीपण सांभाळते. ती ताठ उभी राहत नाही, पुढे वाकते. झोपलेले पोर जागे असल्यापेक्षा जड लागते, हे ज्याने धाकट्या भावंडाला उचलले त्यालाच ठाऊक. माझ्या चित्रातली आई कागदावर चिकटवल्यासारखी होती. तिच्या पायाखाली जमीनच नव्हती.

दुसरे कारण : बिनकामाचे काम

मियाझाकींचा 'स्पिरिटेड अवे' हा सिनेमा २००१ सालचा. त्याला २००३ साली अमेरिकेतला ऑस्कर पुरस्कार मिळाला. त्यातली चिहिरो दहा वर्षांची आहे, म्हणजे माझ्याएवढी. ती घाईत बूट घालते आणि मग बुटाचे टोक जमिनीवर ठोकते, पाय नीट आत बसावा म्हणून. गोष्टीला त्याची काही गरज नाही. ते नसते तरी सिनेमा पुढे गेला असता. पण खरी मुलगी असेच करते. आपणपण चप्पल घालताना काही ना काही करतोच.

तिसरे कारण : थांबणे

बसच्या थांब्यावर बराच वेळ काहीच घडत नाही. नुसता पाऊस पडतो. आमच्या वर्गात सुरुवातीला गडबड चालू होती, तिथे सगळे आपोआप गप्प झाले. जपानी भाषेत अशा रिकाम्या वेळेला 'मा' म्हणतात. मियाझाकींनी एका मुलाखतीत टाळ्या वाजवून हे समजावले होते. दोन टाळ्यांच्या मध्ये जी वेळ जाते ती 'मा'. माणूस सारखा पळत नाही. तो थांबतो, उसासा टाकतो, नुसता बघत बसतो. तेव्हा तो मनात काहीतरी विचार करतो आहे असे आपल्याला वाटते.

चौथे कारण : बघून काढणे

हे कारण सगळ्यांत मोठे आहे. 'स्पिरिटेड अवे' मध्ये एक ड्रॅगन आहे. ड्रॅगन म्हणजे सापासारखा लांब, उडणारा प्राणी. तो जखमी होतो आणि चिहिरो त्याचे तोंड उघडून औषध घालते. आता ड्रॅगन कोणी बघितलाय? मियाझाकी चित्रकारांना म्हणाले, कुत्र्याला औषध देतात तसे काढा. पण चित्रकारांना तेही नीट ठाऊक नव्हते. मग ते जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर कुत्र्याचे तोंड कसे धरतात, ते त्यांनी बघून घेतले.

हे ऐकून आमच्या वर्गातली मुले ओरडली, "आम्हांला विचारायचं की!" आमच्याकडे बैलाला बांबूच्या नळ्याने औषध पाजतात. मान वर धरायची, बैल मान झटकतो, निम्मे औषध अंगावर सांडते. हे गावातल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. मोठ्या शहरातल्या चित्रकारांना जे बघायला दवाखान्यात जावे लागले, ते आपण दारात बघतो. पण आपण ते कधी काढत नाही. आपण दोन डोंगर, मधून सूर्य आणि नारळाचे झाड काढतो. आपल्या गावात नारळाचे एकपण झाड नाही.

आणखी दोन उदाहरणे. १९७४ सालच्या 'हायडी' ह्या मालिकेचे दिग्दर्शक इसाओ ताकाहाता होते. त्यात मियाझाकीही काम करत होते. गोष्ट स्वित्झर्लंडच्या डोंगरातली, म्हणून ही मंडळी आधी स्वित्झर्लंडला जाऊन घरे व डोंगर बघून आली. दुसरे उदाहरण आपल्या रामायणाचे. युगो साको ह्या जपानी माणसाने रामायणावर हातांनी काढलेला सिनेमा केला. त्यात आपले राम मोहन हेही दिग्दर्शक होते. धोतर कसे नेसतात, मुले थोरांचा आशीर्वाद कसा घेतात, हे भारतातल्या चित्रकारांनी जपानी चित्रकारांना समजावले. हा सिनेमा २०२५ च्या जानेवारीत भारतातल्या थिएटरांत पुन्हा लागला होता.

गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. मियाझाकी लहान होते तेव्हा त्यांच्या आईला पाठीच्या मणक्याचा क्षय झाला होता. ती पुष्कळ वर्षे आजारी होती. टोटोरोमध्ये मुली आईला भेटायला दवाखान्यात जातात, तेव्हा आई सात्सुकीचे केस विंचरते. तिथे आमच्या वर्गातले कोणी हसले नाही. आमच्या वर्गातल्या अकरा जणांचे आईवडील कारखान्याला गेले आहेत.

मी पुन्हा चित्र काढले

मी डोळे मिटले आणि आई भाकरी करतेय असे आठवून बघितले. तेव्हा मला समजले की मला नीट आठवतच नाही. मी रोज आईसमोर बसून जेवत होते, पण माझे लक्ष ताटात होते. आजीला विचारले. आजी म्हणाली, "चुलीपुढं बसली की पदर खोचती अन् फुंकणी फुकताना तोंड फिरवती." मग रविवारी आईचा फोन आला तेव्हा मी आईलाच विचारले, "आई, भाकरी थापायच्या आधी तू काय करतीस?" आई हसली. म्हणाली, "काय करती? बांगड्या वर सारती की." मग ती थोडा वेळ काही बोलली नाही. मीपण बोलले नाही.

मी आईला पाठमोरी काढली. चुलीपुढे उकिडवी बसलेली, पदर खोचलेला, बांगड्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, मान धुरापासून बाजूला. डोळे नाहीत, कुंकू नाही, चमकी नाही. तोंडच दिसत नाही. छकुलीने बघितले आणि म्हणाली, "आई! भाकर झाली का?"

ते चित्र आता चुलीजवळच्या भिंतीला लावले आहे. छकुली अजून रडते. पण आधी चित्राशी बोलते, मग रडते.

करून पाहा

१. जुन्या वहीच्या कोपऱ्यात आठ पानांवर एकच चेंडू थोडा थोडा खाली सरकवत काढा व पाने भरभर सोडा. चेंडू पडताना दिसेल.
२. घरातले एक माणूस पाच मिनिटे नुसते बघा. ते कोणते बिनकामाचे काम करते ते वहीत लिहा.
३. त्या माणसाचे तोंड न दाखवता चित्र काढा. घरच्यांनी ओळखले तर जमले.

पालकांना माझी एक विनंती आहे. तुम्ही काम करताना आम्ही तुमच्याकडे टक लावून बघत बसलो तर रागावू नका. आम्ही अभ्यास करत असू. पाडव्याला माझी आई येईल तेव्हा मीपण वही घेऊन चुलीजवळ बसणार आहे.

एवढे लिहून मी माझा लेख पुरा करते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी