गळ्याच्या बाजूला उभं राहणारं गिटार

मिरज

चि. बाळूस,


कॉलेजच्या गॅदरिंगला तुझ्या वर्गातली मुलगी संथ प्रेमगीत गाणार आणि इलेक्ट्रिक गिटार तुझ्याकडे, हे ताईकडून कळलं. तू पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. हात छान बसलाय. आवाज मात्र खोलीत एकट्याने बसून लावलेला आहे, हे पहिल्याच कॉर्डला कळतं. खाली घुमतोय, वर चरचरतोय, आणि गिटारचा जीव जिथे असतो त्या मधल्या पट्ट्यात पोकळ आहे.

याचं कारण कानात आहे. आवाज बारीक असला की आपल्याला खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकू येतात. घरात सगळे झोपलेत म्हणून तू ॲम्प हळू ठेवतोस आणि नकळत बेस, ट्रेबल वाढवतोस. तीच सेटिंग हॉलमध्ये मोठी केली की गढूळ आणि टोचरी होते. म्हणून तुमच्या आष्टा गावात कुणाचं तरी मोकळं शेड मिळव, सगळ्यांना गोळा कर आणि कार्यक्रमाला असेल तेवढ्याच आवाजात ॲम्प लाव. ॲम्प जमिनीवर सपाट ठेवू नकोस, मागे तिरपा कर. टीप स्पीकरच्या सरळ समोर जाते. उभ्या माणसाच्या गुडघ्याला ती ऐकू येऊन उपयोग नाही.

सगळे नॉब मध्यावर आणून सुरुवात कर. गेन इतकाच, की हळू छेडलं तर स्वच्छ आणि जोरात छेडलं तर किंचित फाटेल. बेस थोडा उतरव. तुझ्या जाड तारेचा स्वर 82 हर्ट्झच्या आसपास असतो, त्याखालची जागा बेस गिटारची आणि ड्रमची. मिड मध्याच्या जरा वर राहू दे. तुझ्या गिटारला तीन सिंगल कॉइल आहेत. मानेकडचं आणि मधलं पिकअप एकत्र घे. बऱ्याच गिटारांत मधलं पिकअप उलटं गुंडाळलेलं असतं, त्यामुळे या जागी ट्यूबलाइटची गुणगुणही बरीच मरते.

ट्रेबलला मात्र ती मुलगी गायला लागल्याशिवाय हात लावू नकोस. शब्द स्पष्ट कळतात ते मुख्यतः 2 ते 4 हजार हर्ट्झच्या पट्ट्यामुळे, आणि गिटारची धारही तिथेच असते. शेडच्या टोकाला कुणाला तरी उभं कर. त्याला शब्द निसटल्यासारखे वाटले तर गिटारचा टोन नॉब 10 वरून 7 वर आण, मग ॲम्पकडे वळ.

गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे वाद्य लावणं मी मिरजेत राहून शिकलो. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना बघ. कारागीर कानशीने घोडीचा माथा घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मग तारेखालचा दोरा केसभर सरकवतो आणि आवाज उमलतो. बायकांच्या आणि पुरुषांच्या गळ्यासाठी तंबोरे वेगळे, तारा वेगळ्या. तंबोरा दुकानात कितीही गोड वाजला तरी गाणाऱ्याने षड्ज लावल्यावरच तो लागला की नाही ते ठरतं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मला वाटतं ते या ऐकण्यालाच मिळालं. तुझा ॲम्प असाच लाव.

भूपिंदर सिंग यांना लोक गझलगायक म्हणून ओळखतात, पण 1971 च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’तल्या ‘दम मारो दम’चं गिटार त्यांनी वाजवलेलं. जो स्वतः गातो, त्याला गाणाऱ्याला श्वास कुठे लागतो ते माहीत असतं. तूही तिचं गाणं आधी स्वतः म्हणून बघ.

रिव्हर्ब थोडाच घे, हॉल स्वतःचा घुमारा घालतोच. डिले मात्र मोजून लाव. गाण्याची लय मिनिटाला 72 ठोके असेल तर एक ठोका 833 मिलिसेकंदांचा. त्याचा पाऊण, म्हणजे 625, लावलास की पडसाद लयीत पडतात. ती शब्द म्हणत असताना डिले बंद, ओळ संपल्यावरच्या जागेत चालू. तिथे तुझं गिटार लोकांना सगळ्यात जास्त ऐकू येईल, आणि तुला जोरात वाजवावंही लागणार नाही.

तिची पट्टी काळी चार की काळी पाच, ते कळव. त्यावरून कॉर्ड कुठल्या पडद्यांवर धरायचे ते पुढच्या पत्रात लिहितो.

तुझा,
मामा