पाण्याचा नमुना आणि त्याचे व्हाउचर

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पाण्याच्या परीक्षणावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु 'व्हाउचरवाचून नोंद नाही' हा हिशेबतपासणीचा जो पहिला धडा आम्ही गिरवतो, तोच पाण्याच्या नमुन्यालाही लागू पडतो, असे मला वाटते.

बाटलीत भरलेले पाणी स्वस्थ बसत नाही. त्यातील जंतू वाढतात किंवा मरतात, विरघळलेला प्राणवायू खर्च होतो, धातूंचे अंश बाटलीला आतून चिकटतात. हा बदल रोखणे म्हणजे नमुन्याचे जतन.

एकाच बाटलीने सर्व कामे भागत नाहीत. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली लागते. ती विसळायची नाही आणि वर थोडी रिकामी ठेवायची. नळाच्या पाण्यातील क्लोरीन वाटेतही जंतू मारीत राहते, म्हणून तीत आधीच सोडियम थायोसल्फेट घालतात. ही बाटली बर्फात ठेवून शक्यतो 6 तासांत, फार तर 24 तासांत तपासणीस लागावी. धातूंसाठी नायट्रिक आम्ल घालून सामू 2 च्या खाली आणतात. तेच आम्ल जंतूंच्या बाटलीत पडले, तर दूषित पाणीही शुद्ध ठरेल! प्राणवायूची बाटली मात्र काठोकाठ, एकही बुडबुडा न ठेवता भरतात. तापमान व सामू जागेवरच मोजायचे.

आता नोंदीकडे वळू. बाटलीवर क्रमांक, ठिकाण, तारीख, वेळ, घातलेले रसायन व नमुना घेणाऱ्याचे नाव हवे. सोबतच्या कागदावर बाटली कोणी, कोणाला, केव्हा दिली, याच्या सह्या हव्यात. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम 21 पाहावे. सांडपाण्याचा नमुना घेताना मालकाला नोटीस देणे, त्याने मागणी केल्यास त्याच्यासमक्ष दोन भाग करणे, बाटल्या सीलबंद करून सह्या घेणे, ही रीत त्यात सांगितली आहे. ती मोडली तर परीक्षणाचा निकाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. म्हणजे नदी खरोखर नासलेली असूनही खटला बुडू शकतो.

आपल्या बेळगावात गल्लोगल्ली विहिरी आहेत. निष्काळजीपणे भरलेल्या एका बाटलीमुळे चांगली विहीर बंद पडेल, किंवा सारी गल्ली दूषित पाणी पीत राहील. तेव्हा विज्ञान शाखेच्या मित्रांनी बाटल्या भराव्यात. नोंदवही आम्ही वाणिज्यवाले आनंदाने सांभाळू.