रॉक ली आणि अभ्यासिकेतले चौदा तास

प्रश्न : सदाशिव पेठेत राहून एमपीएससीची तयारी करतो. पूर्वपरीक्षा दोनदा हुकली. ‘नारुतो’ या जपानी चित्रकथेतला रॉक ली माझा आदर्श आहे. त्याच्यासारखं झोकून द्यायचं म्हणून रोज चौदा तास अभ्यासिकेत बसतो, रात्रीचं जेवण टाळतो. तरी वाचलेलं टिकत नाही. काय चुकतंय?

उत्तर : आदर्श उत्तम निवडलात, पण त्याची अर्धीच गोष्ट घेतलीत. चित्रकथाकार मासाशी किशिमोतोंच्या या पोराला निन्जांच्या जादूविद्या जमत नाहीत. म्हणून तो फक्त अंगमेहनतीवर उभा राहतो. गारा या प्रतिस्पर्ध्याशी लढताना पायांची वजनं काढून टाकतो, तो क्षण तुम्हाला पाठ असणारच. पुढचं आठवा. शरीराची नैसर्गिक मर्यादा राखणारी ‘दारं’ तो एकामागून एक उघडतो, आणि तरीही हरतो. एक हात आणि एक पाय चिरडला जातो. दवाखान्याच्या आवारात हट्टाने जोर काढताना कोसळतो, तेव्हा उचलून आत न्यावं लागतं. जिवावरची शस्त्रक्रिया झाल्यावरच तो परततो. शिवाय ती दारं एरवी उघडायचीच नाहीत, ही त्याचे गुरू ‘गाय’ यांची अट असते. तुम्ही ती रोज उघडताय!

वाचलेलं पक्कं होतं ते बरंचसं झोपेत. तेव्हा सात तास झोप, वेळेवर मेसचं जेवण आणि संध्याकाळी पर्वतीची एक चढण. (मोबाइल खोलीवर ठेवून.) नवं वाचन कमी करा, जुन्या प्रश्नपत्रिका जास्त सोडवा. दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, मन उदास राहत असेल, तर १४४१६ या ‘टेली मानस’च्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.