रात्रीच्या वाटेची बॅटरी

पिकाला पाणी द्यायची पाळी रात्री आली, की आपण वहाणा घालतो, काठी घेतो आणि निघतो. कुत्रा न बोलावता मागून येतो. आता हातात बॅटरी हवी. शहरात तिला टॉर्च म्हणतात. चार्जिंगची बॅटरी थोड्या पैशांत मिळते. पण ती पारखून घ्यावी. कशी, ते पाहू.

बॅटरी कशाला हवी? पायाखालचे दिसायला. २००० ते २०१९ या काळात भारतात साप चावून दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. मण्यार रात्रीच हिंडते. घोणसही अंधार पडल्यावर बाहेर निघते. उजेड पडला, की कुत्र्याचे डोळे चमकतात, मांजराचे चमकतात. सापाचे तसे चमकत नाहीत. म्हणून वाटेवरची जागाच नीट उजळली पाहिजे.

दुकानात काय होते? दुकानदार बटण दाबतो आणि समोरच्या देवळाच्या कळसावर झोत टाकतो. "बघा, किती लांब जातोय!" गिऱ्हाईक खूश! पण तोच झोत पायाशी टाकला, तर ताटाएवढा पांढरा गोल दिसतो आणि भोवती सगळा काळोख. साप काही त्या गोलात येऊन बसत नाही. कुत्राही त्या गोलातून चालत नाही. तेव्हा दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात जा. चार पावलांवर जमिनीवर उजेड टाका. तो बैलगाडीच्या चाकाएवढा तरी पसरला पाहिजे.

लांबचा झोत अगदीच निकामी नाही. जुन्नर-आंबेगावसारख्या बिबट्याच्या मुलखात तो लागतो. तिथे कुत्रा बरोबर आहे म्हणून निर्धास्त राहू नये. बिबट्या कुत्रा उचलतो. अशा भागात जवळचा आणि लांबचा, दोन्ही उजेड देणारी बॅटरी बरी.

आता आतला सेल. स्वस्त बॅटऱ्या मुख्यतः दोन जातींच्या. एकीत शिशाचा सेल असतो. ती जड असते. तिच्या पिना थेट विजेच्या बोर्डात घालायच्या. उतरलेली बॅटरी तशीच महिना-दोन महिने खुंटीला राहिली, की तिचा सेल मरतो. आणि ती बोर्डात असताना हातात धरू नका, लावू नका. काहींच्या आतून घरची वीज तशीच खेळत असते. ओला हात लागला तर जीवावर बेतेल.

दुसरीत लिथियमचा सेल असतो. ती हलकी असते आणि मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होते. आमच्या मते चार पैसे जास्त गेले तरी हीच घ्यावी. तिची पिन आपल्या मोबाईलचीच आहे ना, तेवढे पाहावे.

सेलात किती वीज मावते, ते 'एमएएच'च्या आकड्याने लिहितात. साधारण अंगठ्याएवढा सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. चांगल्या सेलात २००० ते ३५०० एमएएच मावते. त्यावर ९९०० लिहिले असेल, तर ती थाप आहे. ज्याने हा आकडा खोटा लिहिला, त्याच्या बाकीच्या आकड्यांचे काय?

खरी परीक्षा घरी होते. बॅटरी पुरी चार्ज करा. दिवेलागणीला लावून ठेवा. किती तासांनी मंद होते, ते घड्याळात पाहा. पाणी द्यायला चार तास लागत असतील आणि बॅटरी दोन तासांत मिणमिणत असेल, तर ती परत करा. त्यासाठी पावती मागून घ्यावी. पावती नाही म्हणणाऱ्याकडून घेऊच नये.

एका हातात काठी आणि दुसऱ्यात कुत्र्याची साखळी असली, तर बॅटरी धरायची कशी? कपाळाला बांधायची बॅटरी मिळते. खोरे चालवतानाही ती सोयीची. मात्र पावसाळ्यात किडे तोंडावर येतात, हे खरे.

लिथियमची बॅटरी चुलीजवळ किंवा अंथरुणात ठेवून चार्ज करू नये. सेल फुगला तर पुन्हा चार्ज करू नये, फोडू नये आणि उकिरड्यावर टाकू नये. दुकानदाराकडे नेऊन द्यावा.