उपडा वायसर आणि दाबाचा स्विच

कोलकात्यात नेताजी सुभाष रोडच्या बाजूला लोखंडी सामानाची, पाइपांची आणि व्हॉल्व्हची दुकानेच दुकाने आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांकडे गेलो असताना मी त्यांच्याबरोबर त्यातल्या एका दुकानात उभा होतो. हातात चिठ्ठी होती आणि तिच्यावर दोनच वस्तू होत्या: कॉम्प्रेसरसाठी एक प्रेशर स्विच आणि चार कोनिकल वायसर. चिठ्ठी सरळ पुढे करायची सोडून मी ऐटीत हिंदीत म्हणालो, "दबानेवाला स्विच दीजिए." दुकानदाराने हिरवे बटण काढून दिले. मी जे मागितले तेच त्याने दिले होते.

बाबा हसले आणि म्हणाले, "बटण तू दाबतोस. आपल्याला हवेने दाबायचा स्विच पाहिजे."

शस्त्र प्रशिक्षणाच्या तासाला खोलना-जोडना करताना एखाद्या पुर्ज्याला कोणी 'ते छोटे गोल' म्हटले, तर उस्ताद काय करतात हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. दुकानात माझे तेच झाले होते. मराठीत 'दाब' हे विज्ञानाच्या पुस्तकातले नाव आहे, म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. आणि 'दाब' ही आज्ञाही आहे. बंगालीत दाबाला 'चाप' म्हणतात. आपण मात्र बंदुकीचा चाप ओढतो आणि भूमितीत वर्तुळाचा चाप काढतो. त्यामुळे कॉम्प्रेसरजवळ उभा राहून कोणी "चाप कमी झाला" अशा अर्थाचे काही बोलले, की मी उगाच बंदूक शोधायला लागायचो. (कोलकात्यात चिकन चापही मिळते. ते वेगळे, आणि फार चांगले असते.)

हा कॉम्प्रेसर आमच्या घराजवळच्या एका छोट्या गॅरेजमधला होता. तिथले वयस्कर मिस्त्री बाबांच्या ओळखीचे. मुले त्यांना 'काकू' म्हणत, कारण बंगालीत काकू म्हणजे काका. मला हे उच्चारायला पहिले दोन दिवस जड गेले. त्यांचा कॉम्प्रेसर दर काही सेकंदांनी चालू-बंद होत होता. जुना स्विच उघडला तेव्हा आतले तांब्याचे संपर्कबिंदू जळून काळे पडलेले दिसले.

प्रेशर स्विचच्या तळाशी रबराचा पडदा असतो. खालून टाकीतली हवा त्याला वर ढकलते आणि वरून एक स्प्रिंग त्याला खाली रेटते. हवा जिंकली की संपर्क तुटतो आणि मोटर थांबते. स्प्रिंग जिंकली की संपर्क जुळतो आणि मोटर सुरू होते. समजा, पडद्याचा व्यास ३ सेंटिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर झाले. दर चौरस सेंटिमीटरला ८ किलो दाब असेल, तर स्प्रिंगला सुमारे ५६ किलोचा रेटा पेलावा लागतो. ६ किलो दाबाला सुमारे ४२ किलोचा. मुठीत मावणाऱ्या डबीत एका माणसाचे वजन! हे गणित मी दोनदा करून पाहिले.

ज्या दाबाला मोटर बंद होते तो 'कट-आउट', आणि ज्या दाबाला पुन्हा सुरू होते तो 'कट-इन'. या दोन्ही शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधण्याच्या फंदात मी पडलो नाही. गॅरेजमध्ये, रेल्वेत, सगळीकडे हेच चालतात. पण दोहोंमधल्या अंतराला 'फरक' हा शब्द उत्तम बसतो. ८ ला बंद आणि ६ ला चालू, म्हणजे फरक २. कोणीतरी काकूंच्या स्विचचा फरक पिळून पिळून जवळजवळ शून्यावर आणला होता. मग हवा जराशी वापरली की मोटर सुरू, जराशी भरली की बंद. हावडा किंवा सियालदहला लोकल उभी असताना डब्याखाली कॉम्प्रेसर अचानक धडधडू लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप गप्प होतो, तेही याच जातीच्या स्विचचे काम. मुंबईच्या लोकलमध्येही तो आवाज ऐकू येतो. तिथला फरक शून्य केला, तर काय होईल याची कल्पना करा.

संपर्क जळण्याचे आणखी एक कारण आहे. दाब हळूहळू वाढतो, म्हणून संपर्कही हळूहळू सुटला, तर मधल्या फटीत ठिणगी रेंगाळते आणि धातू खाते. म्हणून तो 'टक्' करून एकदम सुटला पाहिजे. जॅमची बाटली एकदा उघडल्यावर झाकणाचा मधला भाग दाबून पाहा: थोडा वेळ काहीच होत नाही, आणि मग टक्! काही स्विचमध्ये हेच काम एक शंकूच्या आकाराची पातळ चकती करते. चिठ्ठीवरचा वायसर आणि स्विचमधली ही चकती सख्ख्या बहिणी निघाल्या, तेव्हा मला खरी गंमत वाटली.

दोघींच्या स्वभावातला फरक एका भागाकारात आहे. शंकूची आतली उंची भागिले पत्र्याची जाडी. हे उत्तर लहान, ०.४ च्या आसपास असेल, तर चकती साध्या स्प्रिंगसारखी वागते: दुप्पट दाबायला जवळजवळ दुप्पट जोर. १.४१ च्या जवळ मधल्या टप्प्यात जोर जवळपास तेवढाच राहतो. त्याहून जास्त झाले की ठरावीक जागी चकती हार मानते आणि पुढे कमी जोरातच खाली जाते. तोच तो 'टक्'. आणि २.८३ च्या पुढे ती पलटली की पलटलेलीच राहते, परत ढकलावी लागते. बोल्टखाली घालायचा वायसर जाड हवा, टक् करणारी चकती पातळ. दोन्ही बशीसारख्याच दिसतात, म्हणून नुसते 'चकती द्या' म्हणून भागत नाही.

या आकाराला बेलव्हिल हे नाव ज्युलियन बेलव्हिल या फ्रेंच माणसावरून मिळाले. त्याचे पेटंट १८६७ सालचे. जर्मन लोक स्प्रिंग म्हणून वापरायच्या चकतीला 'टेलरफेडर' म्हणजे ताटली-स्प्रिंग म्हणतात, तिचे मानक २०१७ पर्यंत डिन २०९३ होते. बोल्टखालच्या वायसरला ते 'श्पानशाइबे' म्हणजे ताणाची चकती म्हणतात, त्याचे मानक डिन ६७९६. वस्तू दोन, कामे दोन, म्हणून नावेही दोन. आपल्याकडे दोन्हींना 'वायसर'.

कोलकात्यात या प्रश्नावर पूर्वी फार विचार झाला आहे. विद्यापीठाने १९३० च्या दशकात बंगाली परिभाषेसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष राजशेखर बसू होते. ते बेंगॉल केमिकल्समधले रसायनतज्ज्ञ आणि 'परशुराम' नावाने लिहिणारे विनोदी लेखक. शब्द सैल पडला की काय होते याचे उदाहरणही याच शहरात आहे, आणि ते आपले आहे. 'बारगीर' म्हणजे ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो स्वार. स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार. बंगालवरच्या मराठ्यांच्या स्वाऱ्यांनंतर तिथे 'बर्गी' म्हणजे लुटारू एवढाच अर्थ उरला. त्यांच्या भीतीने १७४२ मध्ये कोलकात्याभोवती खोदलेल्या खंदकाचे नावच 'मराठा डिच' पडले.

दुकानातून आणलेले चार वायसर मोटरच्या चार पायांच्या बोल्टखाली बसवायचे होते. आधी बाबांनी ते टेबलावर रचून दाखवले. वाट्या ठेवतात तसे एकात एक रचले, तर चारपट जोर लागतो, पण दबतात एकाइतकेच. तोंडाला तोंड, पाठीला पाठ असे रचले, तर जोर एकाचाच, पण दबतात चारपट. समजा, एक वायसर १०० किलोला अर्धा मिलिमीटर दबतो. पहिल्या रचनेत ४०० किलोला अर्धा मिलिमीटर, दुसऱ्या रचनेत १०० किलोला दोन मिलिमीटर. त्याच चार चकत्या, आणि कडकपणात सोळापट अंतर.

मग बाबा कामावर गेले आणि जाताना म्हणाले, "उलटे बसव." मी बसवले. दोन एका बाजूने, दोन दुसऱ्या, कारण 'उलटे' म्हणजे कशाच्या उलटे हे मला कळले नव्हते आणि विचारायची लाज वाटली. खोलगट बाजू वर ठेवली तर बोल्टच्या डोक्याचा घेर वायसरच्या काठापर्यंत पोचत नाही. काठ तसाच अधांतरी राहतो, वायसर नीट दबत नाही आणि मोटरच्या कंपनाने बोल्ट ढिला पडायला मोकळा. ढिली मोटर, ताणलेला पट्टा आणि शेजारी हवा भरलेली टाकी. काकूंचा चेहरा बदलला. ओरडले नाहीत. चारही बोल्ट काढायला लावले, एक वायसर तळहातावर ठेवला, फुगीर बाजू वर केली आणि म्हणाले, "उपुड कोरे बोशाओ."

उपुड म्हणजे उपडा! आजी वाटी धुऊन उपडी ठेवते, तसा. चाप आणि काकू या शब्दांनी मला फसवले होते, पण हा शब्द घरचाच निघाला. चारही वायसर उपडे घातले, पाना लावला. नवा स्विच ८ ला बंद आणि ६ ला चालू असा लावून झाल्यावर काकूंनी टाकी भरायला घेतली. काटा आठवर आला, आतून 'टक्' झाले, कोंडलेली हवा फुस्सकन सुटली आणि मोटर थांबली.